सांगून बंद करणारा

बेळगावात सर्व्हर बंद करता येणारी माणसं शोधायला गेलं तर गल्लीला एक सापडेल. त्यात अवघड असं काही नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ टाईप करायची, एन्टर दाबायचं, संपलं. पण ती ओळ टाईप करण्याआधी खुर्चीतून उठून, तीन मजले चढून-उतरून, प्रत्येक टेबलापाशी थांबून "पंधरा मिनिटांत बंद करतोय, हातातलं काम सेव्ह करून घ्या" असं तोंडानं सांगणारा माणूस शोधाल, तर सगळ्या शहरात एकच निघेल. तो म्हणजे यशपाल भीमाप्पा मधाळे.

शहापूरच्या अंगाला एका ट्रस्टचा जुना दवाखाना आहे. तिथं यशपाल एकोणीस वर्षं सर्व्हर सांभाळत होते. कागदोपत्री हुद्दा मोठा लांबलचक होता, पण दवाखान्यात सगळे त्यांना सर्व्हरवाले आण्णा म्हणत. अंगानं किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चष्मा दोरीनं गळ्यात. आवाज इतका हळू की समोरच्याला पुढं वाकून ऐकावं लागे. त्यांनी कुणाला दटावलेलं कुणी ऐकलं नव्हतं. तसल्या माणसाची थट्टा करायला काय लागतं? आण्णा जिन्यात दिसले की औषधाच्या खिडकीवरच्या पोरी म्हणायच्या, "आलं बघा, दवंडी पिटायला आलं." आण्णा हसायचे आणि दवंडी पुरी करूनच खाली उतरायचे.

तसं पाहिलं तर चालत जायची गरज नव्हती. बंद करण्याच्या त्या ओळीतच सोय असते. शटडाऊन लिहायचं, पुढं किती मिनिटांनी ते लिहायचं, आणि त्यापुढं निरोप लिहायचा. तो निरोप त्या वेळी आत असलेल्या प्रत्येकाच्या पडद्यावर उमटतो. यशपाल तोही लिहीत. जुन्या पडद्यांवर आपली अक्षरं उमटत नसत, म्हणून इंग्रजी लिपीत आधी मराठी आणि खाली कानडी. कुणीही, कुठल्याही भाषेत, मला कळलं नाही असं म्हणू नये. खाली स्वतःचं नाव आणि फोनचा नंबर. एवढं करूनही त्यांचं समाधान होत नसे. निरोप पडद्यावर येतो, पण माणूस पडद्यासमोर असेलच कशावरून? तो पाणी प्यायला उठलेला असतो, पेशंटला हात देत असतो. म्हणून मग जिना.

नव्यानं आलेल्या एका मुलानं त्यांना एकदा सरळ विचारलं होतं, की 'नाऊ' असा शब्द टाकला की यंत्र तिथल्या तिथं बंद होतं, मग एवढी मिनिटं कशाला घालवायची? यशपाल म्हणाले, "तो शब्द यंत्राला चालतो. मला चालत न्हाय." त्यामागचं कारण त्यांनी त्याला सांगितलं नाही. ते निपाणीला होतं.

यशपाल पाचवीत होते तेव्हा त्यांची आई तानीबाई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. दिवसभर पाला निवडायचा आणि संध्याकाळी खोकत घरी यायचं. वडील भीमाप्पा हमाली करत. एका सोमवारी सकाळी तानीबाई वखारीवर गेली तर गेट बंद. कुलूप, आणि कुलपाशी एक राखणदार. वखार का बंद झाली, कधी उघडणार, उघडणार की नाही, यातलं एक अक्षर कुणी बोललं नाही. शनिवारी संध्याकाळी सुटताना मुकादम रोजच्यासारखा "सोमवारी लवकर या" म्हणाला होता. दीडेकशे बायका त्या गेटासमोर उन्हात उभ्या राहिल्या.

तानीबाईचा पितळी तांब्या आत होता. तिच्या आईनं लग्नात दिलेला, वर नाव कोरलेला. रोज कशाला वागवायचा म्हणून ती तो बसायच्या पोत्याखाली ठेवून यायची. अकरा दिवस ती गेटावर गेली. काम मागायला नव्हे, तांब्या मागायला. राखणदार म्हणायचा, "मला हुकूम न्हाय." शाळा बुडवून पोरगा तिच्याबरोबर जायचा आणि गेटाच्या फटीतून आत बघायचा. बाराव्या दिवशी तानीबाई म्हणाली, "चल, साळंला जा आता." तांब्या मिळाला नाही तो नाहीच. वखार बंद झाली याचं दुःख तिनं पुढं कधी बोलून दाखवलं नाही. बंद पडायचं ते पडणारच, म्हणायची. पण सांगितलं का नाही, हे तिनं मरेस्तोवर विसरायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. आज ती ब्याऐंशीची आहे आणि अजून विसरलेली नाही.

हे मूळ. त्यावर यशपाल शिकले, शिष्यवृत्तीवर डिप्लोमा केला, कारखान्यात काही वर्षं काढली, रात्रीचा संगणकाचा वर्ग केला आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी या दवाखान्यात आले. सर्व्हर बंद होताना आत नेमकं काय घडतं ते त्यांनी पुस्तकात वाचलं, तेव्हा फार खूश झाले. यंत्र आपल्या आत चाललेल्या प्रत्येक कामाला आधी विनंती करतं की आवरतं घे. मग थोडी वाट बघतं. एवढ्यानंही एखादं काम हटून बसलं, तरच त्याचा गळा धरतं. सगळ्यात शेवटी लिहिलेलं सगळं डिस्कवर नीट उतरलं ना ते बघून वीज सोडतं. यशपाल निपाणीला गेल्यावर आईला म्हणाले होते, "हे ज्यानं लिहिलं त्याला गेट म्हंजे काय ते ठावं असणार बघ." तानीबाईला त्यातलं तेवढंच कळलं आणि तेवढं पुरलं. तेव्हापासून सर्व्हरला ती गेटच म्हणायला लागली.

एवढा जपणारा माणूस; चुकला कधीच नाही का? चुकला, आणि चुकला तो असा की ऐकणाऱ्यानं कपाळाला हात लावावा.

ट्रस्टचा निपाणीलाही एक छोटा दवाखाना आहे. सुरुवातीला तिथं वेगळा सर्व्हर होता आणि यशपाल बेळगावात बसून त्याच काळ्या पडद्यावरून तो चालवत. एक दिवस बेळगावचा सर्व्हर बंद करायचा होता. यशपालनी रीतसर तिन्ही मजले पालथे घातले, सगळ्यांना सांगितलं, सगळ्यांनी कामं आवरली. खाली येऊन त्यांनी ओळ टाईप केली आणि एन्टर दाबलं. बेळगावचा सर्व्हर ढिम्म. समोर दोन काळे पडदे उघडे होते आणि ओळ गेली होती निपाणीच्या पडद्यात. ज्यांना सांगितलं त्यांचं सगळं चालूच राहिलं, आणि ज्यांचं बंद पडलं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं; त्यांच्या पडद्यावर उमटलेला निरोपही बेळगावच्या नावाचा होता.

दुरून बंद केलेलं यंत्र दुरून चालू होत नाही. कुणीतरी जाऊन बटण दाबावं लागतं, आणि त्या खोलीची किल्ली यशपालच्या खिशात. ते तसेच उठून बस स्टँडवर गेले. कोल्हापूरची गाडी धरली. काकती, हत्तरगी, संकेश्वर, पाऊण रस्ता तर त्यांना बसायला जागाही नव्हती. निपाणीत पोचले तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात साठ माणसं खोळंबली होती. यशपालनी बटण दाबलं, सगळं सुरू झालं, आणि मग हा गृहस्थ रांगेतल्या एकेका माणसासमोर जाऊन म्हणाला, "माझी चूक झाली. तुमास्नी सांगायचं राहिलं." लोकांना वाटलं याचं डोकं फिरलंय. वीज जाते, यंत्र बंद पडतं, त्याची कुणी माफी मागतं काय?

संध्याकाळी तिथंच निपाणीतल्या घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. तानीबाई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हंजे तूबी गेट बंद केलंस की रं." यशपालनी त्या रात्री जेवण टाळलं.

पण त्या दिवसापासून दोन गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडल्या. एक म्हणजे, बंद करण्याआधी यंत्राला त्याचं नाव विचारायचं. 'होस्टनेम' असं लिहिलं की यंत्र आपलं नाव सांगतं. मग 'हू' लिहायचं, म्हणजे आत कोण कोण आहे त्याची यादी येते. दुसरी गोष्ट, एक वही. वही म्हणजे कागदाची नव्हे, सर्व्हरवरच त्यांच्या स्वतःच्या खात्यात एक साधी फाईल. प्रत्येक वेळी बंद करताना तीत तीन ओळी लिहायच्या: तारीख आणि कारण, आत कोण कोण होतं, कुणी काय अडचण सांगितली. 'लॅबमधल्या बाईंचा रिपोर्ट अर्धा होता, बारा मिनिटं थांबलो.' 'औषधाच्या खिडकीवर एक म्हातारा गृहस्थ उभे, त्यांचं आधी करून दिलं.' असल्या नोंदी. त्या कुणी वाचणार नव्हतं. कुणी लिहायला सांगितल्याही नव्हत्या. शहाण्या माणसानं असला उद्योग केला नसता, हे खरंच आहे. पण शहाण्या माणसांच्या हातून किती गेटं बंद होतात तेही आपण बघतोच.

पुढं निपाणीचा सर्व्हर काढून टाकला आणि तिथलंही काम बेळगावच्याच यंत्रावर चालायला लागलं. तेव्हा जिन्याच्या फेरीत एक फोन वाढला. निपाणीत तो फोन घ्यायची नीलम. ती तिथली नर्स, तिशीच्या आतली, चपळ आणि तोंडानं फटकळ. यशपालनी तिला 'हू' शिकवून ठेवलं होतं, म्हणजे बेळगावात कोण कामाला बसलंय ते तिला तिथून दिसावं. ती ते वापरून लोकांच्या खोड्या काढायची. "लॅबवाले अजून जेवाय गेले न्हाईत व्हय? मघापासनं नाव दिसतंय."

आणि मग ते शेवटचं बंद करणं आलं.

दवाखान्यानं नवी यंत्रणा घेतली. आता सगळं एका बाहेरच्या कंपनीकडं, त्यांच्या यंत्रांवर. जुना सर्व्हर एका शनिवारी सकाळी अकरा वाजता कायमचा बंद व्हायचा होता. बंद होण्याआधी पाच मिनिटं पेशंटांच्या नोंदींची शेवटची नक्कल नव्या यंत्रणेत जाणार होती. जे त्या नकलेत आलं ते राहिलं, जे नाही आलं ते गेलं. निपाणीला नवी यंत्रणा पोचायला अजून दोन आठवडे होते; तोवर तिथं या नकलेतून छापलेल्या यादीप्रमाणं औषधं वाटायची, असं ठरलं होतं. यादीत नाव नसेल त्याला दोन आठवडे औषध नाही.

या सगळ्याचा कारभार रविराजसाहेबांकडं होता. दवाखान्याचे व्यवस्थापक, वय चाळीस. मनानं वाईट माणूस नव्हे, पण घाईचा. जिथं तिथं पुढच्या बैठकीला उशीर झालेला. शनिवारी सकाळी दहाला यशपाल त्यांना जिन्यात भेटले तेव्हा चालता चालताच ते म्हणाले, "आण्णा, एक सांगायचं राहूनच गेलं. सोमवारपासून सगळं कंपनीच बघणार आहे. तेव्हा तुमचंही आजवरच. बाकीचं कागदपत्रांचं नंतर बोलू." आणि वर निघून गेले.

यशपाल "बरं" म्हणाले. एक पायरी उतरले, आणि मग दवंडी पिटायला वर गेले. त्या फेरीत त्यांनी आपल्याबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. सर्व्हरबद्दल मात्र प्रत्येकाला सांगितलं. निपाणीला चारदा फोन लावला. तिथला फोन शुक्रवारपासून मेलेला होता, आणि नीलमचा मोबाईल कुणी उचलेना. सव्वादहाला त्यांनी 'हू' लिहून बघितलं, निपाणीचं कुणीच आत नव्हतं. तरी निरोप सोडला.

अकराला सर्व्हरच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. सर्व्हर ठेवलेल्या रॅकला हार घातलेला. ट्रस्टचे अध्यक्ष आलेले, स्वतः डॉक्टर, वय ऐंशीच्या पुढं. नारळ आणला होता. यशपालांचा पूजेबिजेवर विश्वास नव्हता, त्यांच्या घरात ती कधीच सुटली होती. पण लोकांच्या आनंदाच्या आड ते येत नसत. त्यांनी एवढंच सांगितलं, "नारळ भाईर फोडा. पाणी यंत्रावर उडायला नको." ठरलं असं होतं की यशपालनी ओळ टाईप करायची आणि अध्यक्षांनी एन्टर दाबायचं. रविराजसाहेब फोटोसाठी मोबाईल धरून उभे.

यशपाल बसले. आधी होस्टनेम. यंत्रानं नाव सांगितलं, बरोबर होतं. शेवटची नक्कल सुरू करण्याआधी त्यांनी 'हू' लिहिलं. एक नाव यायला हवं होतं, त्यांचं स्वतःचं. दोन आली. दुसरं निपाणीचं: नीलम. दहा चाळीसला आत आलेली.

त्यांनी मोबाईल काढला. या वेळी नीलमनं उचलला. गुरुवारी निपाणीत तंबाखूत काम करणाऱ्या बायकांची छातीची तपासणी झाली होती. त्रेसष्ट बायका, त्रेसष्ट कार्डं. तीसेक त्याच संध्याकाळी भरून झाली होती. शुक्रवारभर लाईन बंद, ती आत्ता आली म्हणून नीलम उरलेली भरायला बसली होती. आजच बंद होणार हे तिला ठाऊकच नव्हतं. पत्र ई-मेलनं गेलं होतं, तेही इंग्रजीत, तेही शुक्रवारी. "एकेचाळीस झाल्यात आण्णा. बावीस ऱ्हायल्यात. दमाच्या बायका हाईत ओ, सोमवारी गोळ्या न्यायला येनार हाईत."

रविराजसाहेबांनी सगळं ऐकलं. "एकच लॉगिन आहे ना? असू द्या. सोमवारी भरेल ती."

"सोमवारी कशात भरंल? तिथं नवं यायला दोन आठवडं हाईत. नाव न्हाय तर गोळी न्हाय, हे तुमीच ठरवलंय."

"आण्णा, पाहुणे उभे आहेत. जेवणाची वेळ दिलीय. बावीस नावांसाठी अध्यक्षांना थांबवू?" असं म्हणून त्यांनी आवाज खाली आणला, "आणि आज शेवटच्या दिवशी कशाला उगाच?"

"शेवटचा हाय म्हणूनच," यशपाल म्हणाले.

ओळ शेजारच्या दुसऱ्या काळ्या पडद्यावर आधीच टाईप करून ठेवलेली होती. आधी नक्कल, तिच्यामागोमाग शटडाऊन, आणि पुढं सगळं. फक्त एन्टर राहिला होता. रविराजसाहेबांचा हात खुर्चीवरून पुढं आला तो दाखवायला आला की दाबायला आला, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. यशपालनी बोट मागं जाण्याच्या बटणावर ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत ती ओळ एकेक अक्षर करत पुसून टाकली. एकोणीस वर्षांत ज्यानं मान वर केली नव्हती त्यानं आज वरिष्ठांसमोर हे केलं होतं, तेही आवाज न चढवता. याला छाती लागते, आणि ती त्या किडकिडीत शर्टात असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांना कमी ऐकू येत असे.

यशपाल उठून त्यांच्याजवळ गेले. "निपाणीच्या बावीस बायकांची नावं अजून आत यायची आहेत, डॉक्टर. त्या बाहेर असताना बंद करणं मला जमणार नाही. अर्धा तास द्या."

म्हाताऱ्या डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. मग एक स्टूल ओढलं आणि बसले. "रविराज, चहा सांगा," म्हणाले. "बिनसाखरेचा एक."

मग यशपालनी फोन कानाशी आणि खांद्याशी धरला. नीलम एक कार्ड स्वतः भरत होती आणि पुढचं मोठ्यानं वाचत होती. ते यशपाल इकडून भरत होते. नाव, वय, गल्ली, किती वर्षं तंबाखूत, खोकला कधीपासून. एके ठिकाणी त्यांची बोटं थांबली. वखारीचं नाव ओळखीचं होतं. वय एकोणऐंशी. "ही आईबरोबरची असणार," एवढं ते पुटपुटले आणि वर्षांचा आकडा भरला. खोलीतली माणसं चहा पीत उभी होती. अध्यक्ष प्रत्येक नावाला एकेक बोट दुमडत मोजत होते. "अठरा," ते म्हणाले. "एकोणीस." अठ्ठावीस मिनिटांत बावीस नावं झाली.

यशपालनी शेवटची नक्कल पाठवली, ती पोचल्याची खात्री केली, नव्या यादीत त्रेसष्ट नावं आलीत का ते मोजलं. आली होती. मग पुन्हा ओळ टाईप केली. मुदत पाच मिनिटांची ठेवली. तिथं कुणी उरलेलं नव्हतं तरी ठेवली. अध्यक्षांनी एन्टर दाबला. टाळ्या झाल्या, फोटो झाला, नारळ बाहेर फुटला.

तेवढ्यात फोन वाजला. नीलमच होती.

"आण्णा, भाईर पडायच्या आधी मी 'हू' लिवून बघितलं. माझं सोडून एक नाव ऱ्हायलंय आत."

यशपाल दचकले. "कुणाचं?"

"तुमचं."

"माझं असणारच की गं. मीच बंद करतोय."

"ते व्हय. पर सगळ्यास्नी तुमी सांगता. तुमास्नी कोण सांगनार? म्हणून मी सांगतीया. पाच मिनिटांत सर्व्हर बंद होनार हाय. तुमचं काय आत ऱ्हायलं न्हाय न्हवं?"

राहिलं होतं. नक्कल गेली ती पेशंटांच्या नोंदींची. त्यांच्या स्वतःच्या खात्यातली ती वही, इतक्या वर्षांच्या त्या तीन-तीन ओळी, कुठंच गेलेली नव्हती. सकाळपासून सगळ्या दवाखान्याला सांगत फिरलेल्या माणसाला आपलंही काही आत आहे हे सुचलंच नव्हतं. जिन्यातल्या त्या बोलण्यानंतर तर नाहीच.

त्यांनी फाईल छपाईला सोडली. कोपऱ्यातला जुना प्रिंटर, दोन्ही कडांना भोकं असलेल्या कागदाचा, खरखर करत जागा झाला. तो कागद नेहमी तिरका ओढायचा. यशपाल पडद्यापाशी आणि प्रिंटर भिंतीपाशी, मधे गर्दी. आणि मग पाहुण्यांच्या देखत रविराजसाहेब इस्त्रीच्या पँटीनिशी जमिनीवर बसले आणि दोन्ही हातांनी कागद सरळ धरून राहिले.

"मुदत वाढवा आण्णा," ते खालूनच म्हणाले. "रद्द करून परत लावा. पाहिजे तितका वेळ घ्या."

"पुरंल," यशपाल म्हणाले.

येणारं पान रविराज दुमडत होते आणि दुमडताना डोळे ओळींवरून फिरत होते. 'बारा मिनिटं थांबलो.' 'त्यांचं आधी करून दिलं.' मग ते म्हणाले, "आण्णा, सकाळी मी जिन्यात जे सांगितलं ते असं सांगायचं नव्हतं. माझं चुकलं."

"सांगितलं तरी न्हवं," यशपाल म्हणाले. टोमणा नव्हता तो. त्यांच्या हिशेबी ते खरंच मोठं होतं.

चाळीस सेकंद उरले असताना शेवटचं पान आलं. मग पडद्यावर ओळी पळायला लागल्या. एकेक काम थांबल्याचं यंत्र सांगत गेलं: छपाई थांबली, नोंदी थांबल्या, निपाणीची वाट मिटली. हटून कुणी बसलं नाही. शेवटची ओळ आली आणि पंख्याचा आवाज हळूहळू खाली जाऊन थांबला. त्या खोलीत इतकी वर्षं तो आवाज होता हे तेव्हा लोकांना कळलं. यशपालनी रॅकवर हात ठेवला. गरम होतं. थोडा वेळ तसाच ठेवला, मग हार सरळ केला आणि पिशवी उचलली.

संध्याकाळच्या गाडीनं ते निपाणीला गेले. तानीबाई दारात बसली होती. पायरी चढायच्या आधीच तिनं विचारलं, "बंद केलंस व्हय रं गेट?"

"केलं. आता कायमचं. माझं कामबी संपलं आई."

तिनं मान हलवली. त्याबद्दल तिनं काही विचारलं नाही. बंद पडायचं ते पडतं. तिला दुसरंच विचारायचं होतं.

"कुनाचं काय आत ऱ्हायलं न्हाय न्हवं?"

यशपाल पायरीवर तिच्याशेजारी बसले. पिशवीतून भोकाभोकांच्या कागदाचा तो गठ्ठा काढून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला.

"एकाचं राहत होतं," ते म्हणाले. "पर एका पोरीनं सांगितलं त्याला येळंवर."

तानीबाईला वाचता येत नव्हतं. तिनं गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून बघितला, भारी लागला. मग तो तसाच उराशी धरून ती उठली आणि आत घेऊन गेली.